आमच्या दारची जास्वंद

अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवस उजाडतो तो यंत्रमागांच्या खडखडाटाने. टॉवेल आणि चादरींचे कारखाने, ट्रकची ये-जा, दारात बसणारी सुताची धूळ. अशा ठिकाणी आमच्या दारात गेली सात वर्षे एक लाल जास्वंद उभी आहे. घरात अम्मी तिला गुडहल म्हणतात.

या झाडाचे कूळ मोठे दूरचे आहे. तिचे रानटी भाऊबंद आजही फिजी, हवाई, मॉरिशस अशा बेटांवरील जंगलांत आढळतात. आपली बागेतली जास्वंद मात्र रानात आपोआप उगवलेली कुठेच सापडत नाही. माणसानेच ती फांदी फांदी करून जगभर नेली. 1753 मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने तिला नाव दिले, त्याचा अर्थ 'चीनचा गुलाब'. मलेशियाने 1960 मध्ये तिला राष्ट्रीय फूल केले. तिथे तिला 'बुंगा राया' म्हणतात आणि तिच्या पाच पाकळ्यांचा संबंध देशाच्या पाच तत्त्वांशी जोडतात. त्यातले पहिले तत्त्व ईश्वरावरील श्रद्धा हे आहे. मिस्र आणि सुदानमध्ये आवडीने पितात ते लाल करकदे हिच्याच चुलत बहिणीचे, म्हणजे लाल अंबाडीचे.

बेटांवरच्या ओल्या हवेतल्या कुळाचे हे झाड सोलापूरच्या उन्हाळ्यात जगवायचे कसे? आमच्याकडे नळाला रोज पाणी नसते. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाने पिवळी पडून गळाली, कळ्या उमलण्याआधीच खाली आल्या. पिण्यालाच पाणी जपून वापरायचे, तिथे झाडाला कुठून घालणार? तेव्हा अम्मींनी वुजूच्या जागेखाली एक घमेले ठेवले. पाच वेळच्या वुजूचे पाणी, त्यात साबण नाही की सोडा नाही, संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी जाऊ लागले. वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले. पहिल्या पावसाआधीच नवी पालवी फुटली. वुजूतही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ आम्हाला त्या घमेल्याने समजावला.

शाळेतल्या मुलांनाही ही जास्वंद उपयोगी पडते. पाकळ्या गरम पाण्यात भिजवायच्या. त्या पाण्यात लिंबू पिळले की गडद गुलाबी रंग येतो, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. आम्ल आणि आम्लारी ओळखायला महागडे सामान लागत नाही, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आमच्या शेजारच्या मावशी टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातात. पाळीला निघण्याआधी त्या फुले नेतात, देवासाठी. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "आपण पाणी घालायचं आणि फुलं त्यांच्या देवाला? तोडून टाका, लिंबू लावा." आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. अम्मी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "झाड आपण लावलं, फूल अल्लाहनं दिलं. शेजारणीनं मागितलं तर तिचा हक्क आहे. पुढचं तिचं ती जाणे."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. बोलणे त्यांच्या कानावर गेले होते. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवसाचे. सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी मिटून गळते. दोन दिवसांची फुले तशीच अंगणात पडली. चौथ्या दिवशी फजरनंतर अम्मींनी वाटीभर फुले तोडली आणि स्वतः मावशींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोघींचे काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. परतताना वाटीत शेंगाची चटणी होती.

कोणी झाड लावले आणि त्यातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने काही खाल्ले, तर लावणाऱ्याला सदक्याचे सवाब मिळते, असे पैगंबर (स.) यांनी शिकवले. आमच्या जास्वंदीवर रोज इवलासा शिंजीर पक्षी मध प्यायला येतो. त्याला आम्ही कधी विचारले नाही, तू कोणाचा.

या पावसाळ्यात वीतभर फांदी तोडून कुंडीत लावून पाहा. पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाचे तेल पाण्यात मिसळून फवारा. आणि फूल मागायला कोणी दारात आले, तर नाही म्हणू नका.