संगणकाची पावकी

आमच्या उचगावच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. त्यांच्या जगात सगळं अर्ध्या-अर्ध्यानं उतरायचं: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. संगणकही अपूर्णांक असाच मांडतो. अर्धा, पाव, अदपाव, छटाक, पुढे त्याचंही अर्धं.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. हिशेब तिथंच मिटतो. आता उलट करून बघा. दहा नवे पैसे (०.१ रुपया) म्हणजे १ आणा, २ जुने पैसे आणि वर ०.४ पैसा. त्या उरलेल्या तुकड्यासाठी पैशाचे कितीही अर्धे करत बसा, शिल्लक राहतेच. संगणकात ०.१चं हेच होतं. अंकांची ५३ घरं भरली की त्याला थांबावं लागतं, म्हणून आत बसलेली संख्या ०.१पेक्षा किंचित मोठी असते. ती दशांशात पुरती लिहायची तर टिंबानंतर ५५ अंक लागतात.

मग पडद्यावर काय छापायचं? पूर्वी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा १७ अंक छापायची: ०.१०००००००००००००००१. आकडा खरा, पण बघणारा दचकायचा. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९०मध्ये मांडलेला नियम मला फार सुंदर वाटतो: जो परत वाचल्यावर यंत्राला नेमकी तीच साठवलेली संख्या मिळेल, असा सगळ्यांत आखूड आकडा लिहा. ०.१ या कसोटीला उतरतो. त्याच वर्षी डेव्हिड गे यांनीही हे काम हातात घेतलं होतं. त्यांची रीत पायथननं २००९मध्ये ३.१ आवृत्तीत घेतली. उल्फ ॲडम्स यांच्या २०१८च्या 'रियू' या रीतीनं तेच काम खूप वेगानं करून दाखवलं.

तरीही बेळगावला कॉलेजात जाणारी आमची पोरं ०.१ + ०.२ करून बघतात आणि उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. छपाई चुकली, असं त्यांना वाटतं. ती चुकलेली नसते. बेरीज ०.३साठी साठवलेल्या संख्येवर न पडता अगदी शेजारच्या संख्येवर पडलेली असते. तिथंही ०.३च छापलं, तर दोन वेगळ्या संख्यांना एकच नाव दिल्यासारखं होईल.

दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मी एवढंच सांगतो: रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेव, आणि टिंब फक्त बिल छापताना दे.