सीमा ओलांडली म्हणून खटला : काय मिळते, काय जाते?

धामणगाव बढे परिसरातल्या वस्त्यांवर दाखल्यांसाठी फिरताना आम्हाला अशी माणसे भेटतात, ज्यांचा जन्म घरातच झाला आणि नोंद कुठेच नाही. उद्या यांना कुणी 'तुम्ही भारतीय कशावरून?' असे विचारले तर? म्हणून मुंबई-ठाण्यातल्या 'बांगलादेशी पकडले' या बातम्या आम्ही परक्याची गोष्ट म्हणून वाचत नाही.

पूर्वी असे खटले १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टखाली चालत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जुन्या कायद्यात आरोपीवरच होती, नव्यातही आहे.

सीमेवर कायदा हवाच. पण खटला संपल्यावर काय? शिक्षा भोगली तरी राष्ट्रीयत्वाची पडताळणी होईपर्यंत माणूस आतच. २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकात यासाठी ३० दिवसांची मुदत होती. तरी शिक्षा संपलेल्यांना अजून का ठेवले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला विचारावे लागले. त्या तुरुंगवासाचा खर्च आपल्याच तिजोरीतून होतो.

मग खटलाच नको? इथे थांबा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही भारतीय नागरिक थेट बांगलादेशात ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. खटला झाला असता तर निदान वकील मिळाला असता, कागद न्यायाधीशांपुढे गेले असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यात फारशी बोलली जात नाही. सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने बांगलादेश-पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे २०१४ अखेरपर्यंत आलेल्या बौद्धांना, हिंदूंना आणि इतर काही धर्मीयांना या कायद्यांतून सूट दिली. मुसलमानाला नाही. सूट आपल्याला आहे म्हणून गप्प बसायचे का? १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांना, म्हणजे बौद्धांनाच, सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले ते धर्म पाहून नव्हे. कलम २१ मध्ये 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे.

आमचे मत असे : तुरुंग दलालांना आणि खोटे कागद बनवणाऱ्यांना. पोटासाठी आलेल्याची सुनावणी व्हावी, वकील मिळावा, ठरलेल्या मुदतीत निकाल लागावा.

वस्तीतून कुणाला चौकशीला नेले तर अटकेचे कारण लेखी मागा. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, त्यासाठी बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.