गाडी ठेवावी कीं परत करावी?

गेल्या पाडव्यास चाळीसगांवीं आमच्या घरापुढें विजेची नवी कोरी मोटार येऊन उभी राहिली. किंमत सोळा लाखांच्या घरांत. पैकीं बहुतेक रक्कम आमच्या वडील बंधूंच्या निवृत्तीच्या पुंजींतून गेलेली. घरांत लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनीं एकतीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याची नोंद ज्या शिलालेखांत आहे, तें पाटण आमच्याच तालुक्यांत. त्यामुळें आंकड्यांवर विश्वास ठेवणें हा आमच्या मुलखाचा धर्मच आहे, असें अण्णा थट्टेनें म्हणतात. मोटार विजेचीच घ्यावयाची हा निर्णयहि त्यांनीं आंकडे मांडून घेतला, आणि घरांतील निम्म्या माणसांच्या मताविरुद्ध घेतला. पुढें जें घडलें तें समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

मोटारीचें मुख्य प्रयोजन आमच्या मातोश्री. वय चौऱ्यांशी. दरमहा औषधोपचारासाठीं त्यांना कन्नडचा घाट चढून छत्रपति संभाजीनगरास न्यावें लागतें, आणि एस. टी.चे हिसके आतां त्यांना सोसवत नाहींत. मोटारीची यथासांग पूजा झाली, नारळ फुटला, वहिनींनीं पुढल्या बाजूस लिंबू-मिरच्या बांधल्या. तेविसाव्या दिवशीं, भर दुपारीं, मातोश्री आंत बसलेल्या असतांना मोटार घाटांतील एका वळणावर उभी राहिली. पडद्यावर बॅटरी ७१ टक्के भरलेली दिसत होती. पाहतां पाहतां तो पडदाहि विझला. थंड हवा बंद, काचा खालीं होईनात. मागें वाहनांची रांग, डोक्यावर खानदेशी ऊन. दीड तासानें एका भल्या टेंपोवाल्यानें मातोश्रींना खालीं आणून पोंचविलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु अण्णा त्या रात्रीं जेवले नाहींत.

विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्यें मोटार ओढून नेली. संगणकाची आज्ञावली नवी घातली आहे, आतां काळजी नको, असें सांगून ती परत मिळाली. अकरा दिवसांनीं सकाळीं ती आमच्याच अंगणांत निपचित पडली. पुन्हां ओढून नेली, पुन्हां तेंच उत्तर. तिसऱ्या वेळीं ती धुळ्याच्या रस्त्यावर थांबली. सात आठवड्यांत तीन वेळां. आणि त्यांतील एकोणीस दिवस मुक्काम वर्कशॉपमध्यें. “विजेच्या गाड्या नव्या असतांना अशाच वागतात,” हा तेथील मनुष्याचा खुलासा!

रात्रीं ओसरीवर सगळे बसलों. पुतण्याचें म्हणणें, गाडी उद्यांच्या उद्यां परत करावी. त्याचें रक्त तापलें होतें. २०२२ च्या एप्रिलमध्यें परळी-वैजनाथ येथें एका गृहस्थानें आपली बंद पडलेली नवी विजेची स्कूटर गाढवास बांधून गांवांतून मिरविली होती. त्या प्रकाराची त्यानें आठवण दिली. “गाढव आणण्यापूर्वीं कागद आण,” अण्णा म्हणाले. त्यानें चार तक्रारी लिहून आणल्या. मोटार छापलेल्या आंकड्याइतकी धांवत नाहीं. दुपारीं रस्त्यावर चार्जिंग फार मंद होतें. कधीं कधीं उतारावर पाय काढला तरी वेग आवरत नाहीं. आणि ती अकस्मात् बंद पडते.

अण्णांनीं पेन्सिल घेऊन पहिल्या तीन खोडल्या. येथेंच बहुतेक घरांत घोटाळा होतो, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. मोटारीचा जो पल्ला छापलेला असतो, तो प्रयोगशाळेंत ठराविक रीतीनें चालवून मोजलेला असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘ए. आर. ए. आय.’ ही अशा चाचण्या करणारी जुनी संस्था. त्या चाचणींत ना कन्नडचा घाट, ना वैशाखांतील खानदेश, ना पांच माणसें नि मागें आंब्यांची पेटी. मार्च २०२१ मध्यें दिल्ली सरकारनें टाटांच्या नेक्सन ईव्ही या मोटारीवरील अनुदान अशाच एका तक्रारीवरून थांबविलें होतें. कागदावरील पल्ला ३१२ किलोमीटर, प्रत्यक्षांत त्याहून बराच कमी, अशी ती तक्रार. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयानें त्या आदेशास स्थगिति दिली. तात्पर्य, पल्ल्याची तूट एवढ्यावरून मोटार सदोष ठरविणें अवघड. बॅटरी तापली असतां तिच्या रक्षणासाठीं यंत्रणाच विजेचा ओघ कमी करते, म्हणून दुपारचें चार्जिंग मंद. तसेंच उतारावर मोटार जी वीज परत बॅटरींत भरते, तिच्यामुळें वेग आवरतो. परंतु घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरूं लागल्यास ती वीज घेण्यास जागाच नसते, आणि पाय ब्रेकवरच ठेवावा लागतो. हे तिन्ही स्वभावधर्म होत, दोष नव्हेत.

चौथी गोष्ट मात्र दोषच. ह्या मोटारींत बॅटऱ्या दोन असतात. मोठी मोटारीस धांवविते. लहान बारा व्होल्टची असते आणि दिवे, पडदा, कुलुपें व संगणक यांस वीज देते. गंमत अशी कीं, मोठीस यंत्राशीं जोडणारे विजेचे खटके ह्या लहान बॅटरीच्याच बळावर मिटतात. मोठींतली थोडी वीज उतरवून लहानीस सतत भरीत राहणारें एक उपकरण असतें. तें रुसलें कीं लहान बॅटरी आटते, आणि मोठी ७१ टक्के भरलेली असूनहि मोटार मुकी होते. कोठार भरलेलें, पण किल्ली हरवलेली! अण्णांनीं पहिल्या दिवसापासून तारीख, किलोमीटर, टक्के आणि उष्णतामान यांची वही ठेवली होती. तिन्ही प्रसंगांआधीं मोटार उन्हांत दीर्घकाळ चाललेली किंवा उभी होती. विक्रेत्याच्या कोणत्याहि कागदांत याचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशीं अण्णा व मी जळगांवास एका परिचित वकिलांकडे गेलों. त्यांनीं प्रथम विचारलें, “तिसऱ्या दुरुस्तीनंतर गाडी घरीं आणली का?” नाहीं म्हणतांच ते म्हणाले, “फार चांगलें केलेंत.” मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. माल घेऊन खरेदीदार वाजवी मुदतींत ‘मला हा माल मान्य नाहीं’ असें कळवीत नाहीं, तर त्यानें तो स्वीकारला असें धरलें जातें. मग बहुधा नुकसानभरपाई मागावी, माल परत करण्याची भाषा दुर्बळ होते. म्हणजे भिडेखातर मोटार वापरीत राहणें आणि तोंडी कुरकुर करणें, हाच सर्वांत महाग मार्ग.

तथापि सबंध मोटार बदलून मिळेल हेंहि त्यांनीं गृहीत धरूं दिलें नाहीं. मारुति उद्योग कंपनीच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं असें ठरविलें कीं, वॉरंटींत सदोष भाग दुरुस्त करण्याचें वा बदलून देण्याचें वचन असेल, तर तेवढ्यावरून सबंध मोटार बदलून मागतां येत नाहीं. अमेरिकेंत यासाठीं निराळे कायदे आहेत. कनेक्टिकट संस्थानानें १९८२ सालीं असा कायदा केला. एकच दोष ठराविक वेळां दुरुस्त करूनहि न गेला, किंवा मोटार साधारण तीस दिवस वर्कशॉपमध्यें पडून राहिली, तर ती बदलून द्यावी वा पैसे परत करावे, असा तेथला सर्वसाधारण दंडक. अशा खोडकर मोटारीस ते लोक ‘लिंबू’ म्हणतात! वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं बांधलेल्या लिंबाकडे वळून पाहिलें.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाहीं. आधार आहे तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. मोटार दुसऱ्या जिल्ह्यांत घेतली असली तरी राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आम्हांस जळगांवास, तक्रार करतां येते. किंमत पन्नास लाखांपर्यंत असावी. दहा ते वीस लाखांच्या खरेदीस शुल्क अवघें ४०० रुपये, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. दोष दूर करणें, वस्तु बदलणें, व्याजासह पैसे परत करणें, यांपैकीं काय द्यावें तें आयोग ठरवितो. तांत्रिक तपासणी लागल्यास पांच महिन्यांत निकाल व्हावा असें कायदा म्हणतो. वकीलसाहेब येथें किंचित् हंसले.

परततांना अण्णा गप्प होते. त्यांना खर्च सलत नव्हता. आपण हट्टानें घेतलेली वस्तु परत करणें म्हणजे सर्वांसमक्ष आपली निवड चुकली असें कबूल करणें, हें सलत होतें. माझ्या मतें निम्मे लोक सदोष वस्तु ठेवून घेतात त्या याच कारणानें. रात्रीं मातोश्रींनींच विषय काढला. “अरे, चुकलें असेल तर तें कारखान्याचें. तूं कां मान खालीं घालतोस?”

दुसऱ्या दिवशीं पोंच-पावतीसह पत्र गेलें. मजकूर थोडका: तीन प्रसंगांच्या तारखा, वहींतील नोंदींची प्रत, प्रत्येक दुरुस्तीच्या जॉब कार्डाची मागणी; आणि दोषाचें कारण लेखी कळवून तो पंधरा दिवसांत दूर न केल्यास मोटार आम्हांस मान्य नाहीं, किंमत परत करावी. तोंवर मोटार तुमच्याच ताब्यांत राहील. पुतण्यास हें मिळमिळीत वाटलें. मला तसें वाटलें नाहीं. किल्ली त्यांच्या टेबलावर असणें हेंच पत्रांतील सर्वांत कडक वाक्य होतें.

बाराव्या दिवशीं कंपनीचा इंजिनियर आला. त्यानें वही मागून घेतली, मोटार दोन दिवस उन्हांत चालविली, आणि तें वीज उतरविणारें उपकरण तापल्यावर मधूनमधून बंद पडतें असें लिहून दिलें. तें व लहान बॅटरी दोन्ही बदललीं; त्या भागांची वॉरंटी पांच वर्षांपर्यंत वाढविल्याचें निराळें पत्र मिळालें. आतां पुन्हां ओसरीवर बैठक. पुतण्या म्हणे, पैसेच घ्या. अण्णांनीं हिशेब मांडला: आयोगापुढें जाणारा काळ, तोंवर मातोश्रींसाठीं भाड्याची गाडी, विम्याचा व नोंदणीचा खर्च सुटेल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, आणि दुसऱ्या बाजूस, कारण सांपडलेलें व लेखी मिळालेलें. कारण न सांपडतां चौथ्यांदां ‘आतां काळजी नको’ एवढेंच उत्तर आलें असतें, तर तोटा सोसूनहि परत करा असेंच मी म्हटलें असतें. अखेर आपले हक्क राखून ठेवीत आहों असें पोंच-पावतीवर लिहून अण्णांनीं किल्ली घेतली.

तेव्हांपासून मोटार चार वेळां घाट चढली आहे. भिंतीवरील कालनिर्णयाच्या मागच्या बाजूस अण्णांनीं पहिल्या बिघाडापासून दोन वर्षें मोजून येणारी तारीख तांबड्या शाईनें लिहून ठेवली आहे. मातोश्री निर्धास्त बसतात. त्यांच्या पिशवींत मात्र पाण्याच्या बाटलीशेजारीं वाळ्याचा पंखा असतो.