ग्रंथालयाचा सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ते तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये तिथे वापरात आले. कोहा चालते लिनक्सवर, बहुधा डेबियन किंवा उबुंटूवर, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. ग्रंथपालाच्या टेबलाशेजारी ठेवलेला साधा संगणक हे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करत राहतो.

असा सर्व्हर हलवण्याची वेळ दोन कारणांनी येते. एक तर यंत्र थकते: पंखा कुरकुरू लागतो, डिस्कवर खराब सेक्टर दिसू लागतात. दुसरे म्हणजे लिनक्सच्या आवृत्तीची मुदत संपते. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते आणि वाढीव मुदत धरून तिला सुमारे ५ वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तर ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही. यंत्र आणि आवृत्ती दोन्ही एकदम बदलायची म्हटले की ग्रंथपालाला धडकी भरते, पण खरे पाहता हीच सोयीची वेळ असते. नवे यंत्र शेजारी उभे करून सावकाश तयार करता येते आणि तोवर जुन्याला हातही लावावा लागत नाही.

सगळ्यांना आधी सुचणारा मार्ग म्हणजे जुनी डिस्क काढून नव्या यंत्रात बसवणे किंवा तिची हुबेहूब प्रत करणे. लिनक्समध्ये हे पुष्कळदा जमतेही, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. अडते ते नेमक्या काही ठिकाणी. जुनी डिस्क बायोस पद्धतीने सुरू होणारी असते, नव्या मदरबोर्डला यूईएफआय ही नवी पद्धत हवी असते, आणि मग सर्व्हर सुरूच होत नाही. नेटवर्क कार्डाचे नाव ते कोणत्या स्लॉटवर आहे त्यावरून ठरते. बोर्ड बदलला की नाव बदलते, सेटिंगमध्ये जुनेच नाव राहते आणि यंत्र सुरू होऊनही नेटवर्कवर दिसत नाही. या अडचणी सुटतात, पण त्यानंतरही आवृत्ती जुनीच राहते. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारण्याची सोय नाही. ११ वरून १३ वर जायचे तर १२ वर थांबावेच लागते. म्हणून आवृत्तीही बदलायची असेल तेव्हा नव्या यंत्रावर कोरे लिनक्स बसवून त्यावर फक्त आपले सामान आणणे अधिक शहाणपणाचे.

त्यात आपले सामान कोणते हे आधी ठरवावे लागते. सॉफ्टवेअर आपले नसते, ते इंटरनेटवरून पुन्हा मिळते. आपले असते ते तीन ठिकाणी: डेटाबेसमध्ये, ‘एटसी’ या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलींत आणि वाचकांसाठी ठेवलेल्या फाइलींत, म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका, स्कॅन केलेले ग्रंथ वगैरे. वेळापत्रकाने आपोआप चालणारी कामे मात्र हमखास विसरली जातात. रात्रीचा बॅकअप घेणारी चार ओळींची स्क्रिप्ट कधीकाळी कुणीतरी लिहिलेली असते आणि ती मागे राहिल्याचे थेट डिस्क बिघडल्यावर कळते. ‘एटसी’ फोल्डर मात्र जसेच्या तसे नव्यावर ओतू नये. त्यातल्या निम्म्या फाइली जुन्या आवृत्तीच्या असतात. लागेल ती सेटिंग पाहून हाताने उतरवावी.

फाइली नेण्यासाठी १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलेल्या ‘आरसिंक’ला आजही तोड नाही. जुना सर्व्हर चालू असतानाच पहिली मोठी प्रत करून ठेवायची. प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी आरसिंक फक्त फरक तेवढा नेतो. इथे एक बारकावा आहे. लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदवते. जुन्या यंत्रावर जो क्रमांक ग्रंथपालाच्या खात्याचा होता तो नव्यावर भलत्याच खात्याला मिळालेला असू शकतो. म्हणून खाती आणि त्यांचे क्रमांक आधी जुळवून घ्यावेत.

डेटाबेसचे तसे नाही. चालू डेटाबेसच्या फाइली उचलून नेल्या तर अर्धवट लिहिलेल्या नोंदी सोबत येतात, म्हणून त्याचा रीतसर डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एकत्रित प्रत, काढतात. कोहात त्यासाठी ‘कोहा-डम्प’ ही आज्ञा आहे. ती दोन फाइली देते, एकीत सगळा डेटाबेस आणि दुसरीत त्या ग्रंथालयाची सेटिंग. नव्या यंत्रावर ‘कोहा-रिस्टोअर’ त्या दोन्ही जागेवर बसवते. नव्या यंत्रावरचे कोहा अधिक नवे असेल तर डेटाबेसची रचनाही पुढच्या आवृत्तीला आणून घ्यावी लागते. उलटे करता येत नाही, म्हणजे नव्या कोहाचा डम्प जुन्यावर चालत नाही.

मराठी पुस्तके असलेल्या ग्रंथालयाला याखेरीज खास जपावे लागते. कोहातला शोध थेट डेटाबेसमध्ये चालत नाही; ‘झेब्रा’ नावाचे वेगळे इंजिन नोंदींची सूची बनवते आणि त्या सूचीत शोधते. झेब्राची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. देवनागरी शब्द नीट सापडावेत म्हणून त्यात ‘आयसीयू’ ही युनिकोडची व्यवस्था चालू करावी लागते आणि ही सेटिंग सर्वसाधारण फोल्डरमध्ये असल्याने ग्रंथालयाच्या डम्पमध्ये ती येत नाही. परिणाम चमत्कारिक दिसतो: इंग्रजी पुस्तके पटापट सापडतात, मराठी शीर्षक टाकले की हाती काही लागत नाही आणि नोंदीच उडाल्या असे वाटून धावपळ सुरू होते. नोंदी जागेवरच असतात. आयसीयू चालू करून झेब्राची सूची नव्याने बनवली की त्या दिसू लागतात. याहून वाईट प्रसंग अक्षरांच्या संकेताचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. डम्प काढताना किंवा भरताना जुना लॅटिन संकेत मध्ये आला तर एकेका चिन्हाची तीन चिन्हे होतात आणि ‘मृत्युंजय’च्या जागी अगम्य अक्षरांची रांग उभी राहते. म्हणून प्रत्यक्ष बदलाआधी नव्या यंत्रावर रंगीत तालीम करताना पाचदहा मराठी शीर्षके, त्यातही जोडाक्षरे आणि रफार असलेली, मुद्दाम शोधून पाहावीत.

ही तालीम टाळू नये. नव्या यंत्राला वेगळा आयपी पत्ता देऊन त्यावर कालचा डम्प बसवावा. एकूण नोंदी आणि सभासद यांचे आकडे जुन्याशी ताडून पाहावेत, एखादे पुस्तक देऊन परत घ्यावे, बारकोड वाचून पाहावा. तत्पूर्वी नव्या यंत्रावर कोहाची ईमेल सेवा बंद असल्याची खात्री करावी. नाहीतर दोन्ही यंत्रे एकाच वाचकाला मुदत संपल्याची पत्रे धाडत बसतात. डम्प बसवायला आणि सूची बनवायला किती वेळ लागतो हेही तालमीतच कळते आणि देवघेव किती तास बंद ठेवावी लागेल हे त्यावरून सांगता येते.

प्रत्यक्ष बदलासाठी सुटीचा दिवस बरा. देवघेव थांबवायची, शेवटचा डम्प काढायचा, आरसिंक पुन्हा चालवायचा, नव्यावर सगळे बसवून तपासायचे. मग जुन्याची नेटवर्कची तार काढून त्याचा पत्ता नव्याला द्यायचा. पत्ता तोच असला तरी काही संगणकांना नवा सर्व्हर थोडा वेळ दिसत नाही, कारण त्या पत्त्यामागचे जुने कार्ड त्यांच्या स्मरणात असते. काही मिनिटांत ते सुरळीत होते. वाचक इंटरनेटवरूनही सूची पाहत असतील आणि तिथला पत्ता बदलणार असेल, तर डीएनएस नोंदीची मुदत दोनतीन दिवस आधीच एका दिवसावरून ५ मिनिटांवर आणून ठेवावी. दुरून एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरताना मात्र ओळख बदलल्याचा मोठा इशारा झळकतो. जुन्या यंत्राच्या एसएसएच किल्ल्या नव्यावर आणल्या तर तोही टळतो.

माघार घ्यायची तर पहिले पुस्तक दिले जाण्यापूर्वी. एकदा नव्यावर देवघेव सुरू झाली की जुन्याकडे परतताना त्या नोंदी गमवाव्या लागतात. म्हणून काउंटर उघडण्याआधीची तपासणी घाईत उरकू नये. जुने यंत्र पुढे महिनाभर तरी बंद करून जपून ठेवावे, पण त्याच नेटवर्कला जोडून चालू करू नये. एकाच पत्त्याची दोन यंत्रे एकमेकांच्या वाटेत येतात. त्या महिन्यात नव्या यंत्राचा रात्रीचा बॅकअप खरोखर निघतो का आणि तो दुसरीकडे भरता येतो का, हे पाहून घ्यावे. त्यानंतरच जुनी डिस्क पुसायची, कारण तिच्यात सभासदांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि कोणी काय वाचले याचा इतिहास असतो. नुसते डिलीट करून तो जात नाही. फिरत्या डिस्कवर सगळीकडे नवी माहिती लिहून तो पुसतात. एसएसडीत मात्र असे लिहूनही काही भाग शिल्लक राहू शकतो, तिथे डिस्कमधली स्वतःची सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते.