खाजगी विमानाचा हिशेब

खाजगी विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेनट आणि उद्योगपती येतात. आपण मंडळी गणपतीच्या सुट्टीत मुंबईचं तिकीट पन्नास डॉलरने स्वस्त मिळावं म्हणून तीन-तीन एजंटांना फोन करणारी. तेव्हा 'आरोग्य आणि अर्थ' ह्या सदरात हा विषय कशाला, असं कोणी विचारलं तर नवल नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता वयस्कर माणसं ये-जा करतात; कोणाची आई पुण्याहून येते, कोणाचे काका लंडनहून. त्यांच्यापैकी कोणी इथे आजारी पडलं आणि 'काही करा, पण मला माझ्या घरी न्या' असं म्हणालं, की हा श्रीमंती विषय एका रात्रीत मध्यमवर्गीय होतो. आमच्याकडे तो २०२३ च्या एप्रिलमध्ये झाला.

माझी मावशी चाळीसहून अधिक वर्षं लंडनजवळ हॅरोला राहते. माझ्या मुलीच्या लग्नासाठी ती न्यू जर्सीला आली होती. लग्न छान पार पडलं, आणि चार दिवसांनी मावशीचं डोकं दुखायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर सीटी स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूच्या वरच्या आवरणाखाली रक्त साठलंय. कित्येक आठवड्यांपूर्वी ती घरी पडली होती, त्याचा हा परिणाम. त्याच रात्री कवटीला छिद्रं पाडून रक्त काढलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पण मावशी गोंधळलेली होती आणि सारखी काकांना हाक मारत होती. काका हॅरोला. वय ८४, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. ते येऊ शकत नव्हते, आणि त्यांचीही तब्येत उतरणीला लागली होती. दोघांची भेट होईल की नाही, हा खरा प्रश्न होता. तो कोणी तोंडाने बोलत नव्हतं इतकंच.

मावसभाऊ लंडनहून तातडीने आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "पैशाचं मी बघतो, घरावर कर्ज काढतो. तू विमानाचं बघ." मी पेशाने हिशेबाचा माणूस, म्हणून मी वही घेऊन बसलो. त्या वहीतलं बरंचसं इथे देतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, भाड्याचं साधं जेट आणि एअर अँब्युलन्स ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साध्या जेटमध्ये कातड्याचे सोफे असतात, उत्तम जेवण मिळतं, पण स्ट्रेचर बांधायची सोय नसते, रोग्याला पुरेल एवढा प्राणवायू नसतो, आणि दार इतकं अरुंद असतं की झोपलेला माणूस आत न्यायचा कसा हाच प्रश्न पडतो. रोगी बसू शकत असेल तरच त्याचा विचार करायचा. एअर अँब्युलन्स आतून बोळासारखी अरुंद असते, पण तिच्यात व्हेंटिलेटर, मॉनिटर, डॉक्टर, नर्स सगळं असतं.

आता भाडं कसं ठरतं ते पाहू. न्यू जर्सीत टेटरबोरो हा खाजगी विमानांचा मोठा विमानतळ आहे. लंडनच्या बाजूला ल्यूटन, फार्नबरो, बिगिन हिल आहेत. नॉर्थोल्ट हा लष्करी तळ हॅरोच्या अगदी जवळ, आणि तिथेही आगाऊ परवानगीने, ठरावीक वेळांत खाजगी विमानं उतरतात. अंतर साधारण ३,४५० मैल. पूर्वेकडे जाताना वरच्या हवेतला जोरदार वारा पाठीशी असतो, म्हणून साडेसहा तास पुरतात. परत येताना तोच वारा समोरून, म्हणून तास-सव्वा तास जास्त. लहान जेटची टाकी एवढ्या अंतराला पुरत नाही. त्यांना गँडर किंवा गूज बे, मग आइसलँडचं केफ्लाविक किंवा आयर्लंडचं शॅनन, असे थांबे घ्यावे लागतात. न थांबता जायचं तर चॅलेंजर, फाल्कन किंवा गल्फस्ट्रीमसारखं मोठं जेट हवं.

भाडं तासावर असतं, आणि गोम इथेच आहे. विमान तुम्हाला लंडनला सोडून तिथे राहत नाही. ते परत येतं, बहुधा रिकामं, आणि ती रिकामी फेरीही तुमच्याच माथी. आम्हाला आलेला एक आकडा फोडून सांगतो. तासाला ८,८०० डॉलर. जाताना साडेसहा तासांचे ५७,२००. रिकाम्या परतीच्या पावणेआठ तासांचे ६८,२००. म्हणजे परतीचा, मावशी नसलेला प्रवास जास्त महाग! वर विमानतळांची फी, महासागरावरच्या हवाई नियंत्रणाचे आकार, वैमानिकांचा मुक्काम, जेवण मिळून ९,६००. एकूण १,३५,००० डॉलर. वैमानिकांचा मुक्काम का, असं मी विचारलं. उत्तर असं की अमेरिकेच्या नियमांनुसार अशा भाड्याच्या विमानावर दोन वैमानिकांनी दिवसात साधारण दहा तासच उडायचं. जाणं-येणं चौदा तासांवर जातं. म्हणजे एक तर रात्रीचा मुक्काम, नाहीतर वैमानिकांची दुसरी जोडी. हिवाळा असता तर पंखांवरचं बर्फ काढायचा खर्च वेगळा, आणि तो काही हजारांत जाऊ शकतो. तो करारात आगाऊ धरलेला नसतो; मागाहून बिल येतं.

रिकाम्या परतीचा फायदा आपल्यालाही घेता येतो. युरोपातलं एखादं विमान न्यूयॉर्कला माणसं सोडून रिकामं परत निघालेलं असतं, आणि त्याचा मालक ती फेरी निम्म्या किमतीत द्यायला तयार असतो. आम्हाला असा ७८,००० चा एक आकडा आला होता. पण तारीख त्यांची, वेळ त्यांची, आणि मूळ गिऱ्हाइकाने बेत बदलला तर आपली फेरी रद्द. मजेसाठी जाणाऱ्याला हे ठीक आहे. ज्याला हॉस्पिटलातून सुट्टी कधी मिळेल हेच माहीत नाही, त्याच्या हे कामाचं नाही.

एअर अँब्युलन्सचा आकडा होता १,४८,०००. त्यात डॉक्टर, नर्स, औषधं, आणि दोन्ही टोकांच्या रस्त्यावरच्या अँब्युलन्स धरलेल्या, म्हणजे ह्या खाटेपासून त्या खाटेपर्यंत. हे 'खाटेपासून खाटेपर्यंत' कागदावर लिहून घ्या. एका कंपनीने आकडा बराच कमी सांगितला, तेव्हा चौकशी केल्यावर कळलं की तो विमानतळापासून विमानतळापर्यंतच होता.

जिच्याशी आपण बोलतो ती माणसं बहुतेक वेळा विमानाची मालक नसतात, दलाल असतात. दलाल असण्यात गैर काही नाही. पण २०१९ पासून अमेरिकन नियमांप्रमाणे त्यांनी ते तुम्हाला सांगायला हवं, आणि प्रत्यक्ष विमान कोण उडवणार हेही. उडवणाऱ्या अमेरिकन कंपनीकडे एफएएचं पार्ट १३५ प्रमाणपत्र हवं. त्याचा नंबर, विमानाच्या शेपटीवरचा नंबर आणि विम्याचा कागद मागा. एखाद्याने टाळाटाळ केली तर तिथेच नमस्कार करा. पैसे आगाऊ द्यावे लागतात. शक्य असेल तर ते त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात ठेवायला सांगा. रद्द करण्याच्या अटी मी दोनदा वाचल्या. विमान त्याच्या जागेवरून हललं की बहुतेकांचा परतावा शून्य.

आता आरोग्याची बाजू, जी ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ठरली. विमान कितीही उंच उडालं तरी आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी ठेवतात. आठ हजार फुटांच्या हवेत श्वास घेणं म्हणजे जमिनीवर २१ ऐवजी १५ टक्के प्राणवायू असलेली हवा घेण्यासारखं. धडधाकट माणसाला काही कळत नाही. फुप्फुसं किंवा हृदय अशक्त असलेल्याला कळतं. दुसरी गोष्ट, त्या उंचीवर कोंडलेली हवा सुमारे तीस टक्क्यांनी फुगते. कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर थोडी हवा आत राहून जाते, आणि ती शोषली जायला दिवस लागतात. कवटी काही फुगत नाही, तेव्हा दाब येतो तो मेंदूवर. सहाव्या दिवसाच्या स्कॅनमध्ये मावशीच्या डोक्यात ही हवा होती. सर्जनबाई स्पष्ट म्हणाल्या, "आता न्यायचं असेल तर समुद्रसपाटीचा दाब ठेवणारं विमान हवं, नाहीतर थांबा."

असं विमान मिळतं. एअर अँब्युलन्स म्हणून वापरात असलेली जुनी लिअरजेट खालून, पंचवीस हजार फुटांच्या आसपास उडून आतला दाब जमिनीसारखा ठेवू शकतात. पण खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं, म्हणून थांबे वाढतात. आमच्या बाबतीत दोन थांबे, अकरा तास, आणि भाड्यात १६,००० ची भर. एकूण १,६४,०००. दादा त्यालाही तयार होता. माझं मन तयार नव्हतं, आणि ते पैशापेक्षा त्या अकरा तासांमुळे. अरुंद स्ट्रेचरवर, दोनदा चढ-उतार, मावशी गोंधळलेली, आणि जवळ फार तर एकच घरचा माणूस.

शेवटी गाडी अडली ती तिसऱ्याच ठिकाणी. लंडनच्या हॉस्पिटलात खाट नव्हती. रोग्याला स्वीकारणारा डॉक्टर आणि राखून ठेवलेली खाट असल्याशिवाय कुठलीही जबाबदार एअर अँब्युलन्स निघत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. वाचकांपैकी कोणावर ही वेळ आली तर पहिला फोन विमानाला करू नका, खाटेला करा. मावशी ब्रिटनमध्ये कायम राहणारी असल्यामुळे तिला तिथे बिल नव्हतं. पण नुसता ब्रिटिश पासपोर्ट आहे आणि वर्षानुवर्षं अमेरिकेत राहतोय, अशांना ती सवलत आपोआप मिळत नाही. राहण्याचं ठिकाण पाहतात.

विम्याचं थोडक्यात. मावशीकडे प्रवासविमा होता आणि रक्तदाब, गोळ्या सगळं तिने अर्जात लिहिलेलं होतं, त्यामुळे हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीने घेतलं. खाजगी विमानाला मात्र त्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला: वैद्यकीय गरज नाही, थांबून साध्या विमानाने नेता येईल. त्यांचा तेव्हा रागच आला. बहुतेक पॉलिस्यांत दोन कलमं असतात: गरज आहे की नाही ते कंपनी ठरवणार, आणि व्यवस्था कंपनीनेच केली तर पैसे. आपण आधी विमान ठरवून मागाहून पावती पाठवली तर ती परत येते. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांच्या पॉलिसीत 'मेडिकल इव्हॅक्युएशन'ची मर्यादा किती आहे ते आजच पाहा. जे-१ व्हिसावाल्यांना सरकारने किमान ५०,००० डॉलरची अट घातली आहे. वरचे आकडे पाहिलेत तर त्यात अटलांटिकसुद्धा अर्धा होत नाही. मुंबई तर दुपटीहून दूर. मेडिकेअर साधारणतः देशाबाहेर नेण्याचा खर्च देत नाही. आणि २०२२ पासून लागू झालेला 'नो सरप्रायझेस' कायदा एअर अँब्युलन्सच्या अवाच्या सवा बिलापासून वाचवतो तो इथला नियमित आरोग्यविमा असलेल्यांना, पाहुण्यांच्या पॉलिसीला नव्हे.

कराचाही प्रश्न निघाला, कारण मी निम्मा वाटा उचलणार होतो. मावशी माझ्यावर अवलंबून नाही, तेव्हा माझ्या रिटर्नमध्ये वैद्यकीय वजावट नाही. देणगी-कराची मर्यादा २०२५ साली माणशी १९,००० डॉलर होती. मात्र वैद्यकीय सेवा देणाऱ्याला थेट दिलेली रक्कम त्यात धरत नाहीत. म्हणून चेक दादाच्या नावाने नाही, थेट एअर अँब्युलन्स कंपनीच्या नावाने काढायचा असं मी ठरवलं होतं. साध्या चार्टरला ही सूट मिळेल असं धरून चालू नका, आपल्या अकाउंटंटला विचारा.

कागदपत्रांत एक अडचण सहज राहून जाते. सोबत जाणारा मुलगा किंवा सून भारतीय पासपोर्टवर असेल तर ग्रीन कार्ड असूनही ब्रिटनचा व्हिसा लागतो, विमान खाजगी असलं तरी. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना २०२५ च्या जानेवारीपासून ईटीए नावाची परवानगी आगाऊ घ्यावी लागते.

बाराव्या दिवशी खाट मिळाली. चौदाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये हवा जवळजवळ नाहीशी झाली होती. विमा कंपनीच्या दोन फॉर्मवर सर्जनबाईंनी सह्या केल्या, आणि सोळाव्या दिवशी मावशी नेहमीच्या रात्रीच्या विमानाने गेली: बिझनेस क्लासची आडवी होणारी खुर्ची, शेजारी नर्स, मागे दादा, दोन्हीकडे अँब्युलन्स. खर्च नर्सच्या परतीच्या तिकिटासह १७,४०० डॉलर, सगळा विमा कंपनीचा. स्ट्रेचर लागलं असतं तर इकॉनॉमीच्या कित्येक खुर्च्या अडवून, डॉक्टरसह, ३८,००० पर्यंत गेलं असतं, आणि सगळ्या विमान कंपन्या स्ट्रेचर घेतही नाहीत.

काका डायलिसिस संपवून व्हीलचेअरवरून तिला भेटायला वॉर्डात गेले. त्यानंतर ते पाच महिने होते.