एकाच सालच्या दोन चळवळी आणि त्यांच्या बातम्या

महाराष्ट्रातील उग्र राजकीय चळवळी वृत्तपत्रांनी कशा दाखवल्या, याचा आढावा घेताना १९७२ हे साल मध्यभागी ठेवणे सोयीचे ठरते. कारण राज्य दुष्काळाने होरपळत असताना त्या एकाच वर्षी दोन संघटना उभ्या राहिल्या. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, आणि तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना आकाराला आली. (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा होईपर्यंत शहादा, तळोदा, नवापूर हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते.) पहिलीचे नाव दोनेक वर्षांत शहरी महाराष्ट्राच्या तोंडी झाले, दुसरीचे नाव खानदेशाबाहेर अभ्यासक आणि कार्यकर्ते यांच्यापलीकडे आजही फारसे कोणी घेत नाही. अन्याय दोन्हीकडे जुना होता आणि त्याविरुद्धची भाषा दोन्हीकडे सारखीच रोखठोक होती. फरक होता तो बातमी होण्याच्या क्षमतेत, आणि ही क्षमता चळवळीला लाभणे हे तिचे भाग्यच असते, असे मात्र म्हणता येत नाही.

पँथर हे नाव अमेरिकेतून आले, आणि तेही एका साप्ताहिकाच्या पानांवरून. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्याच्याविषयी ‘टाइम’ साप्ताहिकात आलेला मजकूर वाचून मुंबईच्या तरुण लेखकांना हे नाव सुचले, असे संस्थापकांच्या कथनांतून समजते. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते अर्थात याहून जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ मध्ये नवे होते ते इतकेच की या वेळी एका चळवळीने दुसरीला ओळखले ते माध्यमांनी उभ्या केलेल्या प्रतिमेतून.

ती प्रतिमा कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे. २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले. भरलेल्या बंदुका उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा त्यांना निषेध करायचा होता. काळे जाकीट, तिरपी टोपी आणि बंदूक यांची छायाचित्रे देशभर छापली गेली, आणि पुढे पक्ष काहीही करो, बातमीसोबत याच धाटणीची छायाचित्रे येत राहिली. जानेवारी १९६९ पासून पँथरांनी गरीब वस्त्यांतील शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्यास सुरुवात केली. हा उपक्रम एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांना धोक्याचा वाटला; संपादकांना मात्र त्यात बंदुकीइतका रस वाटला नाही. शहरांतील वांशिक दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रांना बजावलेच होते की ती गोऱ्यांच्या नजरेनेच जगाकडे पाहतात, आणि देशातील संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय पाच टक्केही नाहीत.

या संदर्भात शिकागोतील एक प्रसंग जवळून पाहावा असा आहे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी एका सदनिकेवर छापा घातला आणि त्यात एकवीस वर्षांचा पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन व त्याचा सहकारी मार्क क्लार्क मारले गेले. आतून जोरदार गोळीबार झाला, असे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांनी सांगितले आणि पुराव्यादाखल छायाचित्रे ‘शिकागो ट्रिब्यून’ला पुरवली, त्यांत दारावरील काळे ठिपके पँथरांच्या गोळ्यांची भोके म्हणून दाखवले होते. पोलिसांनी ती जागा कुलूपबंद न केल्याने पँथरांनी ती लोकांना उघडी केली आणि हजारो माणसे रांगा लावून आत जाऊन आली. वार्ताहरांनीही दार पाहिले, आणि ती भोके म्हणजे खिळ्यांची डोकी आहेत हे ‘शिकागो सन-टाइम्स’ने छापले. पुढे संघराज्याच्या ग्रँड ज्युरीच्या तपासात पोलिसांच्या ऐंशीहून अधिक गोळ्यांसमोर पँथरांची फार तर एक गोळी निघाली. पोलिसांनी हातात दिलेले छायाचित्र छापायला कष्ट पडत नाहीत, दारापर्यंत जाऊन खिळा पाहायला पडतात. त्या आठवड्यातील दोन वृत्तपत्रांतील अंतर एवढेच होते. एफबीआयची ‘कोइंटेलप्रो’ ही गुप्त मोहीम, म्हणजे संघटनांत घुसखोरी करून फूट पाडणे आणि मित्रपत्रकारांकरवी बदनामीकारक मजकूर पेरणे, १९७१ मध्ये कार्यालयातून चोरीला गेलेल्या कागदपत्रांमुळे उजेडात आली, आणि हॅम्प्टन प्रकरणात १९८२ साली साडेअठरा लाख डॉलरची तडजोड झाली.

ठरलेल्या प्रतिमेतूनच पाहण्याच्या या सवयीला माध्यमांचा अभ्यास करणारे ‘चौकट’ म्हणतात: घटना घडण्याआधीच तिच्यासाठी अर्थाचा एक साचा तयार असतो आणि त्यात बसेल तेवढेच टिपले जाते. ऑक्टोबर १९६८ मध्ये लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्चाचा हॅलोरन, एलियट आणि मर्डॉक यांनी केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. हिंसाचार होणार, असे वृत्तपत्रे आधीपासून सांगत होती. मोर्चा बहुतांशी शांततेत पार पडला, तरी दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत एका कोपऱ्यातील झटापटच आली.

महाराष्ट्रातील दलित चळवळीचा वृत्तपत्रांशी संबंध मात्र चौकटीपासून नव्हे, दाराबाहेर ठेवण्यापासून सुरू होतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन द्यायची जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने नाकारली, असे आंबेडकरांनी पुढे नोंदवले आहे. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही नियतकालिके या नकारातूनच समजून घ्यावी लागतात. धुळ्याजवळ लळिंग येथील लांडोर बंगल्यात आंबेडकर एका खटल्यानिमित्त ३१ जुलै १९३७ रोजी येऊन गेले. त्या तारखेला तेथे दरवर्षी जमणारी गर्दी ही आठवण जपते, आणि ती लोकांनी जपली आहे ती वृत्तपत्रांच्या आधाराने नव्हे.

पँथरांच्या पिढीने हे दार ढकलून उघडले. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलितांवर बहिष्कार पडला, आणि ‘साधना’ साप्ताहिकाने १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकासाठी दलित तरुणांकडून मजकूर मागवला. यदुनाथ थत्ते संपादक असलेल्या या साप्ताहिकाच्या त्या अंकाची जबाबदारी अनिल अवचटांकडे होती. राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात राष्ट्रध्वजाच्या अवमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला पन्नास रुपये दंड ही तफावत मांडली आणि ध्वजाविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. दुर्गा भागवतांनी आक्षेप घेतला, वाद पेटला, पत्रव्यवहाराचे रकाने भरून गेले. या वादाचे स्वरूप विचारात घेण्यासारखे आहे: ध्वजाबद्दलच्या वाक्यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, ब्राह्मणगावाबद्दल त्या मानाने फारच कमी. तरीही पँथरला महाराष्ट्रभर पोहोचवले ते याच वादाने, आणि हे तिच्या संस्थापकांना, जे स्वतः नियतकालिकांतील लेखक होते, उत्तम कळत होते.

मग आली वरळी. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक देणारी पँथरची सभा ५ जानेवारी १९७४ रोजी बीडीडी चाळींच्या परिसरात झाली; सभेवर दगड आले, लाठीमार झाला आणि दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण मारला गेला. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला, पण आयोगाचे काम संथ आणि बातमीचे आयुष्य दोन-चार दिवसांचे असते. सभेत कोणी काय भडक बोलले एवढेच लोकांच्या लक्षात राहते. याच सुमारास नामदेव ढसाळ यांच्या नावाशी जोडलेला १९७३ चा जाहीरनामा वादात सापडला. त्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया या साऱ्यांना ‘दलित’ म्हटले होते. मार्क्सवादी की आंबेडकरवादी, हा मूळचा वैचारिक प्रश्न वृत्तपत्रांनी ढाले विरुद्ध ढसाळ असा रंगवला. अमेरिकेतील विद्यार्थी चळवळीबद्दल टॉड गिटलिन यांनी पुढे १९८० साली दाखवून दिले की प्रकाशझोत पडला की संघटनेने न निवडलेले नेते तयार होतात, आणि मग संघटना त्यांच्या भांडणांभोवती फिरू लागते. पँथर फुटली ती केवळ वृत्तपत्रांमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण फुटीला व्यक्तींचे चेहरे वृत्तपत्रांनीच पुरवले. ढसाळांनी पुढे शिवसेनेच्या ‘सामना’ या दैनिकात स्तंभ लिहिला, हा या इतिहासातील एक उपरोध.

शहाद्याला असा चेहराच नव्हता. तेथील प्रश्न सालदारीचा होता, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बागायतदाराकडे राबणाऱ्या आणि बहुधा कर्जात अडकलेल्या मजुराच्या मजुरीचा, आणि सावकारीतून हातची गेलेल्या जमिनीचा. जमीनमालकांनी पीकसंरक्षणाच्या नावाखाली राखणदार नेमले होते आणि त्यांचा जाच भिल्लांनाच अधिक होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्याच्या प्रश्नावरून तंटा होऊन गोळीबारात एक भिल्ल मारला गेला. सर्वोदयी वळणाचे अंबरसिंग सुरतवंती यांनी लोकांना संघटित केले, ३० जानेवारी १९७२ रोजी भूमुक्ती मेळावा झाला, आणि बाहेरून आलेल्या कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे या तरुणांसह श्रमिक संघटना उभी राहिली. स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, नवऱ्यांना जाब विचारला. पुढे जगभरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी ज्याची दखल घेतली, असा हा प्रसंग होता.

यातले दैनिकांच्या पानावर येण्याजोगे काय होते? मजुरीचा दर वाढला, ही बातमी नव्हे. तहसील कचेरीत जमिनीच्या सातबाऱ्यावरून तीन महिने हेलपाटे घातले, हीही नव्हे. जिल्ह्याच्या वार्ताहरापर्यंत घटना पोहोचे ती पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीतून, आणि फिर्याद देणारा बहुधा जमीनमालक असे. त्यामुळे पीक कापून नेणे ही चोरी होई, जमाव जमणे ही दंगल होई आणि आपल्याच गेलेल्या शेतात नांगर घालणे हे अतिक्रमण होई. खानदेशात ही भाषा आयती उपलब्धही होती. १८२५ साली आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली तेव्हापासून, आणि खाज्या नाईकाच्या उठावात एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली तेव्हा तर विशेषच, सरकारी कागदांत भिल्ल हा लुटारू म्हणूनच येतो. मुंबईच्या पँथरला वृत्तपत्राने नवी प्रतिमा दिली. शहाद्याच्या भिल्लाला शंभर वर्षांपूर्वीचीच पुन्हा मिळाली.

दैनिकांनी सोडलेली जागा नियतकालिकांनी काही अंशी भरली. ‘मागोवा’ या नियतकालिकाच्या गटातील तरुण शहाद्याशी जोडलेले होते, आणि ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ने सत्तरच्या दशकात या चळवळीवर सविस्तर लेख छापले. त्यामुळे आज शहाद्याविषयी जे विश्वसनीय ज्ञान आहे ते पँथरच्या वृत्तपत्रीय नोंदींपेक्षा अधिक नेमके आहे, असे म्हणायला हरकत नाही. धुळ्याचे शरद पाटील तर आणखी पुढे गेले: १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे स्वतःचे मासिक चालवले. त्याची भाषा सामान्य वाचकाला जड जाते हे खरे, पण जात आणि वर्ग यांची सांगड घालणारी मांडणी धुळ्यात बसून करता येते, हे त्याने दाखवले.

पुढच्या दशकांत चौकट फारशी बदललेली दिसत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, आणि जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हे पोलिसांचे म्हणणे लगोलग छापले गेले. गुंडेवार आयोगाने नंतर तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तिला राज्य पातळीवर ठळक जागा मिळायला महिना उलटावा लागला; लोक रस्त्यावर आल्यावर निदर्शनांमागे नक्षलवादी असल्याचे गृहमंत्र्यांनीच म्हटले, आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ ‘डेक्कन क्वीन’ पेटली तेव्हा तिचे डबे पहिल्या पानावर आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या मोर्चाचे कौतुक झाले ते विशेषतः दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून तो रात्री चालला याचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसंघर्ष मोर्चासोबत खानदेशातले आदिवासी ठाण्याहून मुंबईत चालत आले. दोन्ही मोर्चांच्या मागण्यांत वनहक्काचे दावे होते, आणि ते तालुक्यातालुक्यांत का अडकतात, याचा शोध त्या मानाने थोड्याच बातम्यांनी घेतला.

संपादकीय खोल्यांत कोण बसते, हा प्रश्न येथे येतोच. दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयकर्त्यांच्या २००६ मधील पाहणीत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नव्हता. पण जिल्ह्याच्या पातळीवर याहून साधी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. तालुका वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. त्याचे घर चालते ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या आणि पतपेढ्यांच्या सभांच्या जाहिराती यांवरील कमिशनवर. सालदाराकडे जाहिरात द्यायला काही नसते, आणि ज्याच्या शेतात तो राबतो त्याचे नाव बहुधा त्याच पुरवणीच्या शुभेच्छुकांत असते.