बदलणारे अव्यय

चेक भाषा शिकायला प्रागला गेले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरातले कपाट उघडले आणि म्हणाल्या, "नेमाम आनि चाय, आनि काव्हू." चाय कळला, काव्हू म्हणजे कॉफी हेही कळले, आणि 'आनि' तर माझ्या घरचाच शब्द! चहा आणि कॉफी दोन्ही आहे असे समजून मी म्हणाले, "चहा चालेल." बाई हसत सुटल्या. चेकमधला 'आनि' जोडत नाही, नाकारतो. घरात चहाही नव्हता, कॉफीही नव्हती. आपल्या 'आणि'चे काम तिकडे नुसता 'आ' करतो. त्याला नकाराचा 'नि' चिकटला की 'आनि' होतो. मराठीशी साम्य आहे ते केवळ कानापुरते.

तेव्हापासून या चिमुकल्या शब्दांकडे मी जरा आदराने पाहू लागले. आपल्यासारखीच चेक उभयान्वयी अव्ययांचीही दोन कुळे आहेत. 'आ', 'आले' (पण), 'नेबो' (किंवा) ही बरोबरीची वाक्ये जोडतात. 'झे' (की), 'प्रोतोझे' (कारण), 'ग्दीश' (जेव्हा) ही एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला ठेवतात आणि तसे झाले की मध्ये स्वल्पविराम हवाच. साध्या 'आ'पूर्वी तो येत नाही; पण 'आ प्रोतो', म्हणजे 'आणि म्हणून', आले की येतो, कारण आता दुसरे वाक्य पहिल्याचा परिणाम सांगत असते.

'नेबो'ची गंमत आणखी बारीक. 'फोन करीन' आणि 'पत्र लिहीन' ही वाक्ये 'नेबो'ने जोडली आणि मध्ये स्वल्पविराम नसला, तर दोहोंपैकी काहीही होईल, कदाचित दोन्हीही. स्वल्पविराम दिला की एकच, दुसरे नाही. मराठीत आपण स्वल्पविराम पुष्कळदा श्वासापुरता देतो. तिथे तो अर्थ ठरवतो.

पण मला खरा धडा शिकवला तो 'आबी'ने. 'आबी' हेतू, इच्छा किंवा आज्ञा सांगणारे वाक्य जोडते. ज्याचे रूप बदलत नाही ते अव्यय, हे आपण शाळेत घोकलेले. आणि हे अव्यय तर पुरुषाप्रमाणे बदलते! मी असेन तर 'आबिख', तू असशील तर 'आबिस', आम्ही 'आबिखोम', तुम्ही 'आबिस्ते', तो किंवा ते असतील तर 'आबी'. याचे कारण त्याच्या घडणीत आहे: 'आ'ला 'असणे' या क्रियापदाचे एक जुने रूप जडले आणि ते रूप आपला पुरुष आणि वचन सोडायला तयार नाही. 'आबिखोम'ऐवजी 'आबी स्मे' म्हणण्याची चूक तर चेक माणसेही सर्रास करतात. पुढचे क्रियापद मात्र भूतकाळी दिसते. आपणही 'तुम्ही आलात तर बरे' म्हणतो, तेव्हा येणे अजून व्हायचेच असते. त्यामुळे ते मला परके वाटले नाही.

नियम वहीत होता, जिभेवर नव्हता. एका बुधवारी बाईंना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांनी मला त्यांच्या मुलीला फोन करायला सांगितले. मुलगी ब्र्नोला, रेल्वेने दोन-अडीच तासांवर. मी घाईत म्हणाले, आई म्हणाल्या, 'झे' तुम्ही येणार. म्हणायचे होते, 'आबिस्ते' तुम्ही यावे. पलीकडून शांत उत्तर आले, "हो, रविवारी." ती दर रविवारी येतच असे. मी आईचा निरोप सांगितला नव्हता, आईचा अंदाज सांगितला होता.

बाई गुरुवारी दाराकडे पाहत होत्या, शुक्रवारीही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "नक्की काय सांगितलेस?" मी वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटले, मग हळूच दुरुस्त केले: "आबिस्ते." एवढेच. मी लगेच पुन्हा फोन लावला. मुलगी रात्रीच्या गाडीने आली. मला दोघींपैकी कोणी रागावले नाही. ते अधिक लागले.

पुढे अनुवाद करू लागले तेव्हा ध्यानात आले की, मराठीत ही जोखीम आपण अव्ययावर टाकतच नाही, क्रियापदावर टाकतो. 'येणार म्हणाल्या' आणि 'यायला सांगितलंय' यांत घोटाळा होणे कठीण. म्हणून 'आबी'साठी मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे मी सोडून दिले. कधी 'म्हणून' वापरते, कधी 'यासाठी की', कधी नुसता 'यावे'तला 'वे'. दर वेळी आधी स्वतःला विचारते, इथे कोणाला काय हवे आहे? चेक माणूस त्या एका शब्दातच हे सांगून मोकळा होतो. मला ते कळायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांची वाट दुसऱ्याच कोणी पाहिली.